पहिला श्वास आणि फुप्फुसातला ‘साबण’

सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं, पण आठव्यात झालेलं जगत नाही, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकलं असेल. ही समजूत साफ चुकीची आहे. पूर्ण दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण लवकर जन्मलेली कितीतरी बाळं पूर्वी जन्मतः रडत, हातपाय हलवत आणि मग दोन-तीन दिवसांत धाप लागून दगावत, हे मात्र खरं होतं. असं का व्हायचं, याचं उत्तर फुप्फुसाच्या रचनेत दडलेलं होतं.

आधी ही रचना बघू. नाकातून आत गेलेली हवा घसा आणि स्वरयंत्र ओलांडून श्वासनलिकेत येते. श्वासनलिकेला छातीत दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे. झाडाच्या फांद्यांसारखी ही विभागणी सुमारे २३ वेळा होते. अगदी टोकाला द्राक्षाच्या घडांसारखे वायुकोश असतात.

हे वायुकोश पहिल्यांदा पाहिले इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी, १६६१ साली, बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली. त्यांच्या भिंतींवर पसरलेलं केशवाहिन्यांचं जाळंही त्यांना दिसलं. रक्त शरीरभर फिरतं हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्येच मांडलं होतं. पण धमनीतून शिरेत ते कोणत्या वाटेने जातं हे कोणी पाहिलं नव्हतं. ती वाट माल्पिघींना सापडली.

आपल्या फुप्फुसांत असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. एकेकाचा व्यास जेमतेम ०.२ मिलिमीटर. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट!

आता खरी अडचण ऐका. वायुकोश आतून ओला असतो. ओल्या पृष्ठभागाला आक्रसायची ओढ असते, तिलाच आपण शाळेत पृष्ठताण म्हणून शिकलो. बुडबुडा जितका लहान, तितका तो आत मिटवू पाहणारा दाब जास्त. या हिशोबाने प्रत्येक उच्छ्वासाला आपले वायुकोश मिटून चिकटायला हवेत. तुमचे-माझे का मिटत नाहीत?

१९२९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी डुकराची फुप्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने फुगवायला कितीतरी कमी जोर लागला. आत द्रवच भरला की हवा आणि पाणी यांची सीमा उरत नाही आणि पृष्ठताणाची ओढही उरत नाही. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, हेही त्यांना सुचलं होतं. पण पुढची पंचवीस वर्षं या कामाकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

पुढचा धागा मिळाला तो रासायनिक अस्त्रांच्या प्रयोगशाळांत. विषारी वायूंचा फुप्फुसांवरचा परिणाम अभ्यासताना इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल यांना दिसलं की फुप्फुसातून येणाऱ्या फेसाचे बुडबुडे लवकर फुटतच नाहीत (१९५५). अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी १९५७ मध्ये मोजून दाखवलं की वायुकोशांवर साबणासारखं काम करणारा एक स्निग्ध थर असतो. तो पृष्ठताण कमी करतो. उच्छ्वासाच्या वेळी वायुकोश लहान होतो, थरातले कण दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण आणखी घटतो. म्हणून वायुकोश मिटत नाही. या द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात.

इकडे दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत काचेसारखा पापुद्रा दिसे आणि अनेकांना तोच आजाराचं कारण वाटे. बॉस्टनच्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी उलटा विचार केला: या फुप्फुसांत नसलेलं काय आहे? जेरे मीड यांच्यासोबत १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या बाळांत सर्फॅक्टंटच पुरेसं नसतं. ते तयार करणाऱ्या पेशी साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात.

कारण कळलं, उपचार मात्र नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन जवळपास २.१ किलो. सर्वोत्तम डॉक्टर हाताशी असूनही ३९ तासांत तो गेला.

त्यानंतर चक्रं फिरली. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी हवेचा सततचा हलका दाब देऊन वायुकोश उघडे ठेवायची पद्धत मांडली. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून बनवलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांचा श्वास सुधारल्याचं दाखवलं. आज नवजात अतिदक्षता विभागांत हे औषध वापरलं जातं.

पण सगळ्यात स्वस्त उपाय न्यूझीलंडमधून आला. ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेलं एक कोकरू अपेक्षेपेक्षा जास्त जगलं, त्याची फुप्फुसं काहीशी उघडलेली होती. १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गर्भवतींवरची चाचणी प्रसिद्ध केली. आईला दिलेलं इंजेक्शन वारेतून बाळापर्यंत पोचतं, फुप्फुसं लवकर तयार होतात आणि मृत्यू कमी होतात.

तरीही त्याचा सर्रास वापर व्हायला १९९४ नंतरचा काळ उजाडला. मधल्या वीस-बावीस वर्षांत जी बाळं वाचू शकली असती, ती गेली. वैद्यकीय पुरावे गोळा करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात आडव्या रेघा दिसतात, त्या याच इंजेक्शनांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आहेत. ती चूक विसरू नये म्हणून!

आता तुमच्या कामाचं. सातव्या-आठव्या महिन्यात कळा येऊ लागल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, लगेच दवाखाना गाठा. २४ ते ३४ आठवड्यांत प्रसूती होईल असं वाटलं, तर डॉक्टर तपासून ही इंजेक्शनं सुचवतात. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन, दर १२ तासांनी एक, अशी एकूण चार. पूर्ण परिणामाला साधारण २४ तास लागतात, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून दचकू नका, मनात शंका असेल ती डॉक्टरांना विचारा. आणि शक्य असेल तर कमी दिवसांच्या बाळांची सोय असलेल्या रुग्णालयातच जा.