एलईडी बल्ब लवकर का जातो? दोष बहुतेकदा आतल्या 'ड्रायव्हर'चा

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ-बिबट्यांचा वावर गावाला लागूनच असतो. अशा ठिकाणी गोठ्यासमोरचा बल्ब रात्री बंद पडला, तर अंधारात गुरांकडे जाणे जिवावर बेतू शकते. म्हणून बल्ब घेतानाच तो किती टिकेल हे पाहिलेले बरे.

ड्रायव्हर म्हणजे काय?
बल्बच्या आतले छोटे सर्किट. घरातला २३० व्होल्टचा एसी प्रवाह डीसी करून एलईडीला ठरलेलाच करंट देणे हे त्याचे काम. एलईडी वर्षानुवर्षे चालते. बहुतेक वेळा आधी जातो तो ड्रायव्हर.

उष्णता
ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने सुकत जातो. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारे आणि १०,००० तास टिकणारे, असे दोन्ही कपॅसिटर बाजारात असतात. स्वस्त बल्बमध्ये बहुधा पहिला असतो. तापमान १० अंशांनी कमी राहिले, तर कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. त्यात बल्ब बंद काचेत किंवा टिनाच्या पत्र्याला चिकटून लावला, तर तो लवकर जाणारच.

ड्रायव्हर ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर ९ वॉटच्या बल्बमध्ये सुमारे १.३५ वॉट ड्रायव्हरमध्येच उष्णता होऊन वाया जातात. कार्यक्षम ड्रायव्हर वीज वाचवतो आणि थंडही राहतो.

व्होल्टेज आणि वीज
मोटारपंप सुरू असले की व्होल्टेज पडते, बंद झाले की चढते. साध्या कपॅसिटर-ड्रॉपर सर्किटमध्ये व्होल्टेजसोबत करंटही वाढतो आणि एलईडी जळते. चांगला ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो. वीज कडाडली की लाईनवर येणारा झटका 'एमओव्ही' नावाचा छोटा भाग झेलतो. तो नसला, तर एका झटक्यात बल्ब जाऊ शकतो. जवळच वीज पडली, तर मात्र कोणताही बल्ब वाचेलच असे नाही.

घेताना काय पाहावे?
- बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक
- १०० ते ३०० च्या आसपास व्होल्टेजची मर्यादा
- सर्ज संरक्षण २.५ केव्ही किंवा जास्त
- वॉरंटी आणि पक्के बिल

जुना बल्ब घरी उघडू नका. स्वस्त सर्किटमध्ये पूर्ण बोर्डावर २३० व्होल्ट खेळत असतात. बटन बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ झटका देऊ शकतो.