गेलेल्या सोबत्यांचे ऋण



गावातला एखादा भला माणूस गेला, की आपण काय करतो? चावडीपुढे नाहीतर शाळेत शोकसभा भरते. दोन-चार जण बोलतात, बोलता बोलता एखाद्याचा गळा दाटून येतो. मग तसबीर लागते, तिला हार पडतो. पहिल्या पुण्यतिथीला सारा गाव जमतो, दुसऱ्या वर्षी निम्मा, आणि पाचव्या वर्षी तसबिरीवरची धूळ झटकायलाही कुणाला सवड नसते. यात कुणाचे मन खोटे असते असे मी म्हणत नाही. पण नुसत्या हळहळीवर आठवण फार दिवस तग धरीत नाही. तिला रोजचे काहीतरी काम लागते. हे महात्मा गांधींनी आपल्या आचरणाने दाखवून दिले. त्यांच्या आयुष्यातल्या अशा काही वियोगांची हकीकत आज सांगतो.

१९१५ साल. गांधीजी आफ्रिकेतून नुकतेच मायदेशी आले होते. १९ फेब्रुवारीला पुण्यास गोपाळ कृष्ण गोखले वारले. गांधीजी तेव्हा बंगालात, शांतिनिकेतनात होते. गोखल्यांना ते आपले राजकीय गुरू मानीत. त्यांनी काय केले? एक वर्ष अनवाणी राहण्याचे व्रत घेतले. आता असं पाहा, पायात वहाण नसली की खडा टोचतो, फुफाटा पोळतो. म्हणजे पावलापावलाला गुरूची आठवण! शिवाय, वर्षभर देश हिंडून पाहा, लोकांत मिसळा, घाईने मते सांगू नका, असा गोखल्यांनी सल्ला दिला होता. तोही त्यांनी पाळला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते देशभर फिरले.

पुढे १९२८ च्या एप्रिलात मगनलाल गांधी पाटण्यास वारले. मगनलाल हे गांधीजींचे पुतणे. साबरमतीच्या आश्रमाचा सारा व्याप त्यांच्या शिरावर होता. पिंजण, चरखा, माग ही विद्या त्यांनी स्वतः हस्तगत केली आणि इतरांना शिकवली. त्यांच्या मागे काय उभे राहिले, ठाऊक आहे? वर्ध्याला जमनालाल बजाजांनी आपला बंगला आणि बाग ग्रामोद्योगाच्या कामासाठी देऊन टाकली, तेव्हा त्या जागेला ‘मगनवाडी’ हे नाव दिले गेले. तिथे तेलाची घाणी फिरू लागली, हातकागद तयार होऊ लागला. ज्याने हाताच्या कामात आयुष्य वेचले, त्याच्या नावाच्या आवारात हातच राबू लागले.

मग ११ फेब्रुवारी १९४२ ला खुद्द जमनालालजीच गेले. शेवटचे काही महिने त्यांनी गोसेवेला वाहिले होते. गांधीजींनी थोड्याच दिवसांत त्यांच्या स्नेह्यांना वर्ध्याला बोलावून घेतले. प्रश्न असा होता, की जमनालालजींनी हाती घेतलेल्या कामांपैकी कोणते काम कोण उचलतो? पत्नी जानकीदेवींनी गोसेवेचा भार घेतला. भाषणांवर भागवले नाही, कामांची वाटणी झाली!

याच मगनवाडीत काही वर्षे महादेवभाई देसाई राहत असत. १९१७ पासून ते गांधीजींचे चिटणीस. गांधीजी सेवाग्रामला राहू लागले, तेव्हा महादेवभाई वर्ध्याहून पायी जात आणि पायीच परतत. जाऊन येऊन दहा-अकरा मैलांची चाल, तीही विदर्भातल्या उन्हात. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाईंचे हृदय बंद पडले. वय पन्नास वर्षे. मुलगा जवळ नव्हता. देहाला स्नान गांधीजींनी घातले, अग्नीही त्यांनीच दिला. बापाने मुलाचे करावे तसे.

त्या दिवसानंतर महालाच्या आवारातल्या त्या समाधीपाशी गांधीजी सकाळ-संध्याकाळ जात, फुले वाहत, गीतेचा बारावा अध्याय म्हणत. बाहेर चळवळ पेटलेली, आत बंदिवास. अंगात अशक्तपणा असे, मन जड असे, पण हा नेम चालू राहिला. आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, आणखी एक मृत्यू झाला, आणि त्याच जागी दुसरी चिता रचावी लागली. ती कस्तुरबांची.

बांच्या नावाने देशभर निधी गोळा झाला. त्या वर्षी गांधीजींना पंचाहत्तर वर्षे पुरी होत होती, म्हणून पंचाहत्तर लाखांचा संकल्प होता. जमले कोटीच्या वर. एवढ्या पैशात संगमरवरी स्मारक सहज झाले असते, होय ना? पण गांधीजींचे म्हणणे असे, की हा पैसा खेड्यातल्या बायका आणि मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा. आणि ते बांच्या आयुष्याला धरूनच होते. चंपारणात १९१७ साली बा खेड्यातल्या बायकांना स्वच्छतेचे धडे देत फिरल्या होत्या. कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविका तयार केल्या. आपल्या महाराष्ट्रात हे काम प्रेमाताई कंटक यांनी पुरंदर तालुक्यात, सासवडला उभे केले.

आगाखान महाल १९६९ साली राष्ट्राला अर्पण झाला. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या तिथे शेजारी शेजारी आहेत. शाळेची सहल पुण्याला गेली, तर गुरुजींनी मुलांना तिथे जरूर न्यावे.

आणि गांधीजी गेल्यावर? १२ फेब्रुवारी १९४८ ला पवनारला धाम नदीत त्यांच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्या दिवसाच्या स्मरणार्थ विनोबांनी ‘सूतांजली’ सुचवली. वर्षाकाठी प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करायची. एक गुंडी म्हणजे ६४० तार. श्रीमंताचीही एकच, गरिबाचीही एकच. आणि पैसे टाकून विकत आणलेली चालायची नाही.

तेव्हा मंडळी, तसबिरीला हार घालायचा तर खुशाल घाला. पण त्याच सभेत एक प्रश्न विचारा. हा माणूस रोज काय करीत होता? कुणी पारावरच्या झाडाला पाणी घालीत असेल, कुणी अडाण्यांची पत्रे वाचून दाखवीत असेल, कुणी पोरक्या मुलाची फी भरीत असेल. ते काम उद्या सकाळपासून कोण करणार, त्याचे नाव सभा उठण्यापूर्वी फळ्यावर लिहा.