कान फुटणे : श्वानरोगाच्या एका नावाचा इतिहास

शहापूर-मुरबाडकडे पाळलेल्या कुत्र्याच्या कानातून स्राव येऊ लागला, की ‘कान फुटला’ असे म्हणतात. हे नाव लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पशुवैद्यांचा ‘कँकर’ हा शब्दही तसाच सर्वसंग्राहक होता. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली निघाले, ते याच परिभाषेच्या काळात. १९२५ मध्ये वाइडमन याने एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवरील यीस्टचे वर्णन केले. (गेंड्याचा कुत्र्याच्या कानाशी संबंध यावा, हे नवलच!) तीच पुढे कुत्र्यांच्या वाहत्या कानांत वारंवार आढळली. तिलाच रोगाचे मूळ समजणे मात्र चूक होय. ऑगस्ट याने १९८८ मध्ये मूळ कारणे व विकार टिकविणारी कारणे यांत भेद केला. यीस्ट मूळ कारणांत बसत नाही. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या विकारामागे बहुधा त्वचेची ॲलर्जी असते, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा दमट पावसाळा व लोंबते कान तिला साहाय्य करतात. म्हणूनच तेच थेंब घातले असता स्राव थांबतो, पण विकार परततो. शिवाय कानाची नळी आत काटकोनात वळत असल्याने पडदा बाहेरून दिसत नाही; तो फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारख्या औषधाने कुत्र्यास बहिरेपण येऊ शकते.