कोपरा फाटलेलं कार्ड

दिवाळीचे दिवे विझले की आमच्या वस्तीवर माणसं कमी व्हायची. फलटण तालुक्याच्या दुष्काळी माळावर मेंढरांना चारा उरायचा नाही. घोड्यांवर बिऱ्हाड लादून धनगरांचे वाडे कोकणची वाट धरायचे. लोणंद, शिरवळ, भोर करत वरंधा घाट उतरायचा आणि महाडच्या अंगाला जायचं. तिथं भात निघालेल्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची. लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, भात आपल्याला. मिरगाच्या आधी परत. सहा-सात महिने आई-आबा तिकडं आणि शाळेपायी मी आज्जीजवळ.

वाड्याला पत्ता नसतो. आज या शेतात, तर परवा दुसऱ्या. तरी आज्जी चंद्राकडं बघून सांगायची, "पुनवंला घाट उतरत्याल बघ." वर्षानुवर्षं मुक्काम ठरलेले, शेतकरी ठरलेले, त्यामुळं तिचा अंदाज फारसा चुकत नसे. निरोप जायचा तो माणसाबरोबर. दुसऱ्या वाड्याचा कुणी गावाकडं आला तर त्याच्या तोंडी खुशाली यायची, नाहीतर यष्टीच्या कंडक्टरला हात जोडायचे. १९४८ साली यष्टी सुरू झाली, तेव्हापासून भोर-महाडकडच्या निरोपाला चाकं आली, असं आबा म्हणायचे. त्याच्या आधी निरोप मेंढराच्याच चालीनं चालायचा.

पोस्टकार्ड तर त्याहून जुनं. आपल्या देशात ते १८७९ साली आलं, तेव्हा किंमत पाव आणा. पण आमच्या घरात त्याचा उपयोग व्हायला मी लिहायला शिकावं लागलं. कोकणातल्या एका बाजारगावात किराणा दुकानदार होता. आबा दर बाजाराला त्याच्याकडं मीठ-मिरची घ्यायचे. 'अमक्या दुकानदाराच्या मार्फत' असं लिहिलं की कार्ड तिथं पोचायचं. आलेलं कार्ड तो तराजूखाली दाबून ठेवायचा.

१९८२ च्या फेब्रुवारीत आज्जी अंथरुणाला खिळली. थोरल्या चुलत्याला तिला सोडून हलता येईना. तार केली असती तरी ती दुकानातच पडून राहिली असती, कारण तारवाला रानात वाडा हुडकत थोडाच फिरणार! चुलत्यानं सांगितलं आणि मी पंधरा पैशांच्या कार्डावर लिहिलं, 'आज्जीची तब्येत बरी नाही. पत्र नव्हे तार समजून निघून यावे.' चार दिवसांनी आज्जी गेली. दुसरं कार्ड लिहिलं. चुलत्यानं ते हातात घेतलं आणि त्याचा कोपरा फाडला. मला कळेना. तो म्हणाला, "वाचता न येणाऱ्यालाबी कळावं म्हणून रं."

पहिलं कार्ड आदला बाजार उलगल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलं होतं. दुसरंही येऊन त्याच्यावर पडलं. पुढच्या बाजाराला आबा मीठ घ्यायला गेले, तेव्हा दुकानदारानं दोन्ही कार्डं एकदम पुढं केली. तो पहिलं वाचायला लागला. आबांची नजर खालच्या कार्डाच्या कोपऱ्यावर गेली. "ऱ्हाऊ द्या शेठ," एवढंच ते बोलले. मेंढरं आईच्या आणि शेजारच्या वाड्याच्या हवाली करून त्यांनी यष्टी धरली. आज्जी गेली त्याच्या नवव्या दिवशी, तिन्हीसांजेला ते दारात उभे राहिले. मुंडाशात दोन्ही कार्डं होती. मला जवळ घेऊन म्हणाले, "तू येळंवर लिवलं हुतंस. म्याच येळंवर बाजाराला न्हवतो."

पुढच्या दिवाळीला निघताना आबांनी माझ्याकडून डझनभर कार्डांवर घरचा पत्ता लिहून घेतला. ठराव असा: प्रत्येक बाजाराला एक कार्ड पेटीत टाकायचं. मागं कोळशानं एक आडवी रेघ म्हणजे सगळी बरी. दोन रेघा म्हणजे कुणीतरी निघून या. अक्षर नाही, मजकूर नाही. पण दर आठवड्याला पोस्टमन माळावर दिसला की घर हलकं व्हायचं. एका आठवड्यात कार्ड आलं नाही, तेव्हा चुलता दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आलं. एकच रेघ होती, पावसाच्या सरीनं पुसट झालेली.

नव्वदीत बाजारगावात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. आमच्या वस्तीवर फोन नव्हता, म्हणून गावातल्या दुकानात ठरल्या वेळी जाऊन बसायचं. मीटरचे आकडे पळायचे, त्यामुळं बोलणं आडव्या रेघेएवढंच व्हायचं. मग मोबाइल आला. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, तशी माणसं सैलावली. तरी मिस्ड कॉल चाललाच. एक रिंग म्हणजे सगळी बरी. रेघेचंच ते नवं रूप.

आता माझा पुतण्या वाडा घेऊन जातो. घोड्यावरच्या बोचक्यात सौरपाटी असते, तिच्यावर मोबाइल चार्ज होतो. घाटात मात्र आजही रेंज जाते. तेवढे दिवस थकलेले आबा ओट्यावर बसून असतात. फोन वाजला की पोराची खुशाली विचारत नाहीत, एवढंच म्हणतात, "बाजार केलास का?" पुतण्या "व्हय" म्हणतो आणि आबा फोन माझ्याकडं देतात.