खोका एक, कान दोन

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’तलं पहिलं गाणं लागलं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ची ५६ झाली. केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजारी जाऊन किंवा एखाद्या हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकत.

ही हकिगत आपल्याला भक्तीची आणि कवितेची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात यंत्रही दिसतं. घरात गाण्याची प्रत नाही. गाणं हवेतून येतं, वाजतं, संपतं. विकत आणलेली वस्तू एकच, ती म्हणजे ऐकवणारा खोका. याला आज आपण वायरलेस स्ट्रीमिंग म्हणतो. सबस्क्रिप्शनही होतं. १९३३च्या कायद्यामुळे रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याची वर्षाची फी पोस्टात भरावी लागे. हे १९८०च्या दशकापर्यंत चाललं. गाणं पुढे ढकलायची सोय मात्र नव्हती.

तो खोका एकाच स्पीकरचा होता आणि त्यात कुणाला काही कमी वाटलं नाही, कारण मिडियम वेव्हवरून येणारा आवाजच मुळात एकपदरी होता. स्टिरिओचा शोध तोवर जुना झाला होता. ॲलन ब्लमलाइननं लंडनमध्ये १९३१ सालीच पेटंटसाठी अर्ज केला होता. पण स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात यायला १९५७-५८ उजाडलं. आपल्याकडे पुष्कळांनी पहिल्यांदा स्टिरिओ ऐकला तो घरात नाही, तर थिएटरात, ‘शोले’च्या ७० एमएम प्रिंटमुळे. तेही १९७५ साली.

स्टिरिओची अडचण पैशाची होतीच, पण त्याहून जास्त जागेची होती. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला तरच समोर तबला इथे, तानपुरा तिथे असं चित्र उभं राहतं. वाड्यातल्या दीड खोलीत हा त्रिकोण कुठे आखणार? तिथे एक स्पीकर कपाटावर जाई आणि दुसरा शोकेसमध्ये, काचेमागे.

तरीही लोकांनी घेतला, आणि इथे तपकीर गल्लीत थोडं रेंगाळायला हवं. बुधवार पेठेतली ही गल्ली, नाव तपकिरीचं आणि माल विजेचा. परदेशी डेकवर जबर आयात शुल्क होतं, म्हणून तो यायचा दुबईला असलेल्या मामाच्या बॅगेतून. मामा नसलेल्यांसाठी सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज अशा देशी कंपन्या होत्या. आणि तेही परवडत नसेल तर ‘असेंबल्ड’. म्हणजे पत्र्याची पेटी, ट्रान्सफॉर्मर, आणि आत टीबीए ८१० ही आयसी किंवा २एन३०५५ हे जाडजूड ट्रान्झिस्टर. देशभरच्या हौशी पोरांनी हेच भाग डागून ॲम्प्लिफायर केले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला जे सर्किट फळ्यावरच भेटलं, ते या पोरांना बोटं भाजून समजलं होतं.

वाजवायला कॅसेट होती. फिलिप्सनं ती १९६३मध्ये आणली. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की गाणं प्रथमच सर्रास मालकीचं झालं. कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊससारखं दुकान स्वतः शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढू लागलं. पण घरोघर पोचला तो टू-इन-वन. त्याच्यावर ‘स्टिरिओ’ असं ठसठशीत लिहिलेलं असे आणि दोन स्पीकरांत अंतर असे फूटभर. नंतर पीएमपीओचा काळ आला. हजार वॅट पीएमपीओ लिहिलेला खोका सलग वाजताना जेमतेम पाचदहा वॅट देई. विजेच्या हिशेबात असा वॅट नसतोच, तो जाहिरातीतच असतो.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि गाणं पुन्हा हवेतून यायला लागलं. कॅसेटी माळ्यावर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर दोन स्पीकरही गेले, जे जायची काहीच गरज नव्हती. त्यांच्या जागी आला ब्लूटूथ स्पीकर. पुन्हा एकच खोका. यावेळी मात्र गाणी दुपदरी आहेत आणि आपणच ती एका डबीत दाबून ऐकतो. २०१७मध्ये सारेगामानं ५,००० गाणी भरलेला कारवाँ काढला, तोही दिसायला जुना रेडिओच. आजीआजोबांच्या पिढीला तो आवडला यात नवल नाही.

पण एका खोक्यात सगळं असण्याची खरी किंमत वेगळीच आहे. गुगलनं २०१५मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ काढला. वायफायवरून गाणं थेट सर्व्हरकडून घ्यायचं आणि कुठल्याही जुन्या ॲम्प्लिफायरला द्यायचं, एवढंच काम करणारी ही चकती भारतात साडेतीन हजारांच्या आत मिळे. ब्लूटूथसारखा फोन मध्ये नाही, त्यामुळे गाण्यात व्हॉट्सॲपची टिंगटिंग नाही. जानेवारी २०१९मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. सव्वातीन वर्षांचं आयुष्य. उलट १९८५च्या ॲम्प्लिफायरचं काय बिघडतं? कपॅसिटर सुकतात, आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं, वूफरच्या कडेचा फोम झडतो. हे सगळं दुरुस्त होतं. वायरलेस भाग मात्र दुरुस्त करता येत नाही, तो फक्त जुना होतो.

म्हणून बजेट दहा हजारांचं असेल तर मी त्यातले आठनऊ हजार दोन सुट्या स्पीकरांवर घालीन. ॲम्प्लिफायर घरात पडून असेल तर साधे, नसेल तर ज्यांच्या पोटातच तो असतो असे, पण मागे वायर लावायची सोय हवीच. उरलेल्या हजारात ब्लूटूथ रिसीव्हर येतो. तो चार वर्षांनी फेकावा लागला तरी स्पीकर जागचे हलत नाहीत. माळ्यावरच्या ॲम्प्लिफायरला पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर घाबरू नका, तशी वायर करून मिळते. आणि एवढं करून स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना चिकटवून ठेवणार असाल, तर टू-इन-वन काय वाईट होता? वन बीएचकेतसुद्धा पलंगाच्या समोरच्या भिंतीशी दोघांत पाचसहा फूट अंतर निघतं. मध्ये कपड्यांचा स्टँड असतो, तो हलवावा लागतो.