चाचणीच्या पूर्वतयारीच्या फायली (रूबी ऑन रेल्स)

वेब ॲप्लिकेशनच्या स्वयंचलित चाचण्या सुरू होण्याआधी ॲप्लिकेशन लोड करणे, चाचणीचा डेटाबेस सज्ज ठेवणे, नमुना नोंदी तयार करणे, लॉगिनसारख्या वारंवार लागणाऱ्या मेथड पुरवणे ही जुळवाजुळव ज्या फायलींत लिहिलेली असते, त्या फायली. रेल्समध्ये आरस्पेक हे चाचणीचे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत त्यांची मांडणी चांगली पाहता येते.

पूर्वी सगळा भार ‘स्पेक हेल्पर’ या एकाच फायलीवर असे. २०१४ मध्ये आलेल्या आरस्पेक ३ ने त्याची वाटणी केली. स्पेक हेल्परकडे फक्त आरस्पेकच्या सेटिंग्ज उरल्या. संपूर्ण ॲप्लिकेशन लोड करण्याचे काम नव्या ‘रेल्स हेल्पर’कडे गेले. ॲप्लिकेशन प्रॉडक्शन मोडमध्ये असल्याचे आढळले, तर ही फाइल तिथेच काम थांबवते. त्यामुळे चाचणीच्या ओघात ग्राहकांचा खरा डेटा पुसला जाण्याचा धोका टळतो. कराचा हिशेब करणाऱ्या साध्या रूबी क्लासच्या चाचणीला रेल्सची गरज नसते, ती स्पेक हेल्परवर लगेच चालते. हा वेग टिकवायचा तर स्पेक हेल्पर हलकाच ठेवला पाहिजे. वेळ नसला की नवी ओळ नेमकी तिथेच टाकली जाते.

बाकीचे साहित्य ‘सपोर्ट’ फोल्डरमध्ये कामानुसार ठेवावे: लॉगिनची एक फाइल, ब्राउझर चालवणाऱ्या कॅपिबाराची दुसरी, नमुना नोंदी बनवणाऱ्या फॅक्टरीबॉटची तिसरी. या फायलींच्या नावाअखेरीस ‘_स्पेक’ नको; तसे असल्यास आरस्पेक त्यांना चाचण्याच समजतो आणि त्या दोनदा चालू शकतात. फोल्डरमधल्या सर्व फायली एकदम लोड करणारी ओळ रेल्स हेल्परमध्ये तयार मिळते, पण कॉमेंट करून ठेवलेली, कारण एकच चाचणी चालवतानाही सगळ्या फायली लोड होऊन वेळ जातो. लहान प्रकल्पात ती खुशाल सुरू करावी. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक चाचणीने लागेल ती फाइल स्वतः मागवणेच बरे.

फायलींच्या क्रमावर विसंबणे धोक्याचे. रूबी ३.० पूर्वी हा क्रम ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलू शके, आणि मॅकवर पास होणारी चाचणी लिनक्स सर्व्हरवर फेल होई. एका फाइलला दुसरी लागत असेल, तर तिने पहिल्याच ओळीत तसे सांगावे. याहून लपलेला दोष चाचणीआधी चालणाऱ्या ‘बिफोर’ हुकचा: सपोर्टमधल्या हुकला चाचणीचा प्रकार नेमून दिला नाही, तर ब्राउझरची तयारी साध्या मॉडेलच्या चाचणीलाही सोसावी लागते.

रेल्समधील मूळच्या मिनीटेस्ट पद्धतीत हे काम ‘टेस्ट हेल्पर’ करतो. रेल्स ५.१ पासून ब्राउझरची तयारी तिथेही वेगळ्या फाइलमध्ये असते.