तळटीप : फिलाडेल्फियाची सभा

१. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमाग कामगारांच्या मुलांना अमेरिकेची राज्यघटना शिकविण्याविषयी लेखकाने येथे जे लिहिले आहे, त्यास पूरक म्हणून हे नमूद करणे अवश्य वाटते की, १७८७ च्या मे ते सप्टेंबर या अवधीत १३ पैकी १२ राज्यांच्या (ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी धाडलेच नाहीत) ५५ प्रतिनिधींनी फिलाडेल्फियात बंद दारांआड जो मसुदा सिद्ध केला, त्यावर ३९ जणांनीच स्वाक्षऱ्या केल्या, आणि तो अमलात येण्यास ९ राज्यांची संमती लागेल अशी तरतूद त्यातच होती. प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीनपंचमांश धरणारे कलमही त्याच मसुद्यातले. ते मुलांपासून दडविणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते, कारण जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या अमेरिकी सज्जनांना अर्पण केला, त्यांचे गुलाममुक्तीचे कार्य त्या कलमावाचून उमगावयाचे कसे? सोलापूरच्या मुलांस मात्र याहून निकटचे उदाहरण उपलब्ध आहे : औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत कारभार रयतेच्या हाती सोपविणारी घटना जाहीर केली, आणि ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली ती रचना सांगोल्यालगतच्या आटपाडी महालातही लागू झाली. औंधात राजाने आपण होऊन अधिकार सोडला, अमेरिकेत तो युद्ध करून घ्यावा लागला. हा भेद शिक्षकांनी सांगून न टाकता मुलांकडूनच काढून घ्यावा.